माईक खाली करताना

हर्षल साउंड, पेठ फाटा. चार बॉक्स, दोन माईक, एक मिक्सर.
घाटावरच्या व्याख्यानमालेत
शब्द त्यांचे असतात, आवाज माझा.

मे महिना. गंगेला पाणी घोट्याएवढं.
दुतोंड्या मारुती पायापर्यंत कोरडा,
एक तोंड इकडे, एक तिकडे.
फळ्यावर खडूने विषय: सामूहिक हत्या आणि फाशी.
पुढचं प्रश्नचिन्ह कुणीतरी बोटाने पुसलेलं.

दिंडोरी रस्त्याच्या द्राक्षांच्या शेडला
बाहेरून कडी घालून ज्याने आग लावली
त्याचं नाव मंचावर सतरा वेळा आलं.
मुद्दाम मोजलं नाही. नावात 'भ' आहे,
दर वेळी माईकवर फुटतो, दर वेळी माझा हात बटणाकडे जातो.
नऊ बायकांची नावं एकदाच वाचली,
कागदावरून, भरभर.

वकीलसाहेब म्हणाले, फाशी. आणि लवकर.
आवाज म्हणजे नारोशंकराची घंटा, मी दोन खुणा खाली आणला.
टाळ्या अशा, की मिक्सरचे लाल दिवे टोकापर्यंत पेटले.

प्राध्यापक बाई म्हणाल्या, सरकारने मारलं तरी ते मारणंच.
त्यांचा आवाज बारीक. चढवला.
मागून एक जण ओरडला, "तुमची मुलगी असती तर?"
त्या थांबल्या. पाणी प्यायल्या.
"तर मीही हेच ओरडले असते," म्हणाल्या,
"म्हणून तेव्हा मला विचारू नका."
एकच हिरवा दिवा लुकलुकला.

माझं मत कुणी विचारत नाही, बरंच आहे.
सकाळी दाढी करताना मी त्याला लटकवून मोकळा होतो.
दुपारी बॉक्स उचलताना वाटतं,
खटका ओढणारा माणूस त्या दिवशी
घरी जाताना भाजी घेत असेल का,
आणि घेत असेल तर कुठली.

मग ठकूबाई भोये चढल्या, सुरगाण्याच्या.
माईक त्यांच्या कपाळाच्याही वर.
पळत जाऊन स्टँड खाली केला.
अजून खाली. अजून.
"माझ्या पोरीचं नाव सुंदरा.
तुम्ही सुनंदा वाचलं.
आन् जिजाला सहावा सरत आलेला,
ते मोजण्यात कुणी धरलंच नाही.
बाकी तुमचं चालू द्या."
उतरताना त्यांनी पायरीला हात लावून नमस्कार केला.

टाळी वाजवायची की नाही, लोकांना कळेना.
मिक्सरवर एकही दिवा नाही.
ऐकू यावं एवढं नदीलाही पाणी नव्हतं.

आणि डाव्या बॉक्सच्या मागे, शेवटच्या रांगेत, एक गृहस्थ.
कुणी ओळखलं नाही. मी ओळखलं,
त्यांच्या पोराच्या लग्नाला साउंड माझाच होता.
त्याच पोराच्या.
फाशी म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या
तेव्हा त्यांनीही वाजवल्या.
आधी नाही, उशिरा नाही, सगळ्यांच्या बरोबर.
मग दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले.

हात वर करून ठराव झाला, बहुमताने.
खुर्च्यांचा टेम्पो गेला.
मी वायर गुंडाळत होतो,
एक वेढा सरळ, एक उलटा,
नाहीतर वायर पीळ धरते.
न विचारता त्यांनी दुसरं टोक उचललं.
मी ओढत गेलो, ते सोडत गेले, थोडं थोडं.
शेवटी पिन माझ्या हातात देऊन म्हणाले,
"जरा तुटलीय इथं. बघून घ्या."

पावसाळ्यात पाणी मारुतीच्या कुठवर आलं
त्यावरून शहर पूर मोजतं.
घोट्याएवढ्या पाण्याकडे कुणी बघत नाही.

माईकचा स्टँड तसाच खाली राहिला.
दुसऱ्या दिवशीचे वक्ते उंच होते,
वाकून त्यात ओरडले,
"अहो, कुणी केलाय हा इतका खाली?"