शेंडी

कुताइसीत, रिओनी नदीच्या पलीकडे,
जिथे पूर्वी बुटांना तळवे ठोकत
त्या इमारतीच्या तळघरात
दर मंगळवारी सातला आम्ही नऊजण हात धुतो,
कोपरापर्यंत. लामझिराबाईंची शिस्त.
भिंतींना अजून चामड्याचा वास आहे.
कांदा चिरायला लागलो की तो जातो.

पहिल्या दिवशी अर्जात एक रकाना होता:
का शिकायचंय?
कुणी लिहिलं, हौस. कुणी, सासू.
इंगानं लिहिलं, इटलीला जातेय, एका म्हातारीला सांभाळायला,
तिथे माझं मला काहीतरी करून खाता यावं.
एकेकाळी ट्रॉलीबस चालवणाऱ्या वाझानं
नुसती आडवी रेघ मारली.
मी लिहिलं, वेळ आहे.
ते अगदीच खोटं नव्हतं.

आज खिंकाली.
पारी मधे जाड, कडेला पातळ,
सारणात इतकं पाणी की ते वाडग्यात डुचमळतं.
कडेकडेनं चुण्या घेत फिरायचं,
मग सगळ्या आवळून वर शेंडी.
"एकोणीस," बाई म्हणतात.
अठरा का नाही? इंगा विचारते.
"अठरा माझी नणंद घालते."

बत्तीस वर्षं मी लोकांना म्हणत आलो, आ करा.
इथे बाई माझ्या खांद्यावरून म्हणतात,
"मिटा, डॉक्टर, मिटा तिचं तोंड."
सगळे हसतात. पीठ उडतं.
माझ्या अकरा चुण्या होतात
आणि बाराव्याला उजवा अंगठा
आपला आपण काहीतरी बोलायला लागतो.

मार्चपासून बोलतोय.
तेव्हा खुर्चीत एक शाळकरी मुलगा होता,
ड्रिल चालू होतं,
आणि मी पेडलवरचा पाय काढून घेतला.
त्याला काही कळलं नाही.
त्याच्या आईनं जाताना मधाची बरणी दिली.
दुसऱ्या दिवशी मी पाटी उतरवली.
घरी सांगितलं, कंटाळा आला.

पिठाला दुखत नाही.
रकान्यात खरं तर हे लिहायचं होतं.

पातेलं एकच, सगळ्यांचं.
बाई झाऱ्यानं वर काढतात तेव्हा
कुठली कुणाची ते विचारावं लागत नाही:
इंगाची ताठ, लग्नाला निघाल्यासारखी,
जुळ्या भावांची एकाच बाजूला कललेली,
आणि माझी फुटकी,
सगळा रस पाण्याला देऊन आलेली.

खायचं हातानं. शेंडीला धरून उलटं करायचं,
लहानसा चावा, आधी रस ओढून घ्यायचा, मग बाकीचं.
शेंडी ताटात टाकायची.
शेवटी शेंड्या मोजतात, कोण किती जेवलं ते.

वाझा न बोलता फुटकी उचलतो.
एक, दोन. सहा.
वर मिरपूड, भसाभसा,
आणि शेंडीसकट खातो, ती कच्चट गाठ,
जी इथे कुणी खात नाही.

इंगा अकरा. मी सात.
जुळे एकमेकांच्या ताटात शेंड्या ढकलतायत.
वाझाचं ताट कोरं.
"उपाशी राहिलात?" बाई विचारतात.
"पोट बिघडलंय," तो म्हणतो,
मिशीवरची मिरपूड पुसत.
अख्ख्या मोजणीला शेंडी लावली म्हाताऱ्यानं.

पुढच्या मंगळवारी इंगा नसेल.
बाईंनी तिला लाटणं दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून.
विमानात हातात नेऊ देतील का,
यावर बराच वेळ वाद झाला.

जिन्यात, दिवा गेलेल्या वळणावर,
वाझा म्हणतो, "बारा होत्या."
"अकरा," मी म्हणतो.
"बारा. फाटली ती बारावीच ना?"