चार्ज देणे-घेणे बाबत

राजपत्रात दोन ओळी होत्या.
मौजे आंबझिरे, मौजे रुईखेडे,
अमुक तारखेपासून नगरपरिषद हद्दीत समाविष्ट.
तिसरी ओळ नव्हती.
तिसरी ओळ म्हणून मी गेले,
बोरीच्या पुलावरून, शेअर रिक्षाने,
पिशवीत कार्बन, टाचण्या,
डब्यात कळण्याची भाकर.

आंबझिऱ्याचा शिपाई भटू दाजी
एकेक वस्तू आणून टेबलावर ठेवायचा
आणि दरवेळी शर्टाला हात पुसायचा.
लोखंडी कपाट एक, चावी नाही.
खुर्च्या सात, पैकी दोन
कुणाच्या तरी हळदीला गेलेल्या.
भोंगा एक.
नमुना आठ, खंड चार,
दुसऱ्यात वाळवीने अर्धी गल्ली करमुक्त केलेली.
हातपंप तीन.
"दोनच लिखा," तो म्हणाला.
तिसरा फक्त रात्री चालतो,
रुईखेड्याच्या बाया चोरून हापसतात तेव्हा.

गोल शिक्का मागितला
तर त्याने तो आधी पॅडवर दाबला,
मग डाव्या तळहातावर.
एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर मारला होता.
निळं गाव थोडा वेळ ओलं राहिलं,
तोवर तो मूठ मिटेना.
मी पोच लिहिली:
शिक्का एक, रबरी, झिजलेला.

रुईखेड्यात सरपंच कोकिळाबाई हिलाल.
भिंतीवरच्या यादीत त्यांचं नाव शेवटचं,
खाली पेंटरने तीन नावांपुरत्या रेघा
आधीच आखून ठेवलेल्या.
त्या रेघांचे पैसेही दिलेले होते,
पावती फाइलला.

सह्या झाल्या, चहा झाला.
मग त्यांनी विचारलं,
"ताई, शीव लिखी का?"

मी नमुना उलटून पाहिला.
विहीर होती, पाणवठा होता,
स्मशानभूमी (शेडसह / शेडविना) होती.
शिवेला रकाना नव्हता.
दोन गावांच्या मध्ये नाला,
नाल्यात शेंदूर फासलेले चार धोंडे.
इथे नवरदेव थांबतो, इथे नारळ फुटतो,
इथून पुढे आपलं, इथून मागे त्यांचं.
आता दोन्हीकडे प्रभाग सात.
'इतर' या सदराखाली लिहिलं:
नाला एक, कोरडा.
कोकिळाबाईंनी वाचलं.
काही बोलल्या नाहीत, फक्त
माझ्या कपातली साय बोटाने काढून
मांजरीला टाकली.

आखाजीला मी घरपट्टीच्या नोटिसा घेऊन पुन्हा आले.
सुट्टी होती, पण साहेबांचं टार्गेट होतं.
ऊन असं की नाल्यातली वाळू
चपलेतून मोजता यावी.
आणि दोन्ही काठांवर बाया,
माहेरी आलेल्या, सासरी न गेलेल्या,
पदर खोचून, ओंजळीत खडे.
दरवर्षीसारखंच, म्हणे.
गौराईचं पाणी झालं की
पलीकडच्या गावाला पोटभर शिव्या,
त्यांच्या सुना, त्यांचे बैल, त्यांची डाळ.
यंदा पलीकडचं गावच उरलं नव्हतं,
मला वाटलं, गोंधळतील.

"ओ सात-ब न्या बायास्वन,
तुमना नळले पानी नही,
तोंडले तरी शे का?"

हसणं पडायच्या आत उत्तर आलं:

"ओ सात-अ न्या साळकायास्वन,
तुमना नगरसेवक बी
आमनाच गावना जवाई व्हई!"

भटू दाजी माझ्या शेजारी उभा,
हसता हसता खोकत.
अ आणि ब हे काठ नसतात, मी म्हणणार होते,
एकाच प्रभागातल्या त्या दोन जागा,
एक राखीव, एक सर्वसाधारण,
तसा नियम आहे.
तोंड उघडलं
तेवढ्यात एक खडा येऊन पडला
थेट नोटिसांच्या गठ्ठ्यावर.

कुठल्या काठावरून, पाहिलं नाही.
उचलला नाही तो,
वारा होता.