वाफसा

हरभऱ्याच्या पेरणीआधी आठ-दहा दिवस
आमच्या गावात सगळे एकच विचारतात : वाफसा आला काय?
बेंबळेकाठची काळी जमीन, वरून सुकलेली दिसते
आणि पाय घातला की चप्पल ठेवून घेते.

विचारायचं ज्याला मातीतलं कळतं त्याला.
उकंडा भोयर सोडून.
त्याच्या दारावरून तिफणी गेल्या, मग ट्रॅक्टर गेले,
कोणी थांबलं नाही.
मी लहानपणी एकदा विचारलं होतं.
तो म्हणाला, "मले नाही समजत बापा,"
आणि खर्रा थुंकायला उठून गेला.
जन्म धुऱ्यावर काढलेला माणूस.

एकाहत्तरच्या लढाईत तो रणगाड्यावर ड्रायव्हर होता.
बाया म्हणत, उकंडाभाऊ टँक चालवे,
आणि आम्ही पोरं समजायचो पाण्याचा टँकर,
एप्रिलात शाळेपाशी उभा राहतो तो.
वाटायचं, सीमेवर लोक गुंड घेऊन
रांगेत भांडत असतील.

यंदा माझा ट्रॅक्टर फसला, त्याच्याच धुऱ्याला लागून.
मागचं चाक फिरवावं तसं खाली,
चिखल पाठीवर येत होता, मी रेस देत होतो.
तो काठी टेकत आला.
"बंद कर."
मी म्हटलं, निघते ना, उकंडाबा.
"खाली उतर! पयले तू खाली उतर!"
इतका मोठा आवाज
मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.
माझा दंड धरून त्यानं मला वीस पावलं लांब नेलं,
मग स्वतःच खाली बसला.

"नाला होता एक," म्हणाला. नाव सांगितलं नाही.
"पलीकडं गहू, वीतभर उगवलेला.
रातची येळ. साहेब म्हणे, भोयर,
तुम काली मिट्टीवाला आदमी है, उतरके देखो.
मांगं चौदा गाड्या, इंजिनं चालू,
धुकं असं का आपलाच हात उसना वाटे.
मुठीत माती घेतली, दाबली, कमरेवरून सोडली.
फुटली.
वाफश्याची फुटते तशी, तीन ढेकळं.
मी म्हटलं, जाते साहेब.

पयली माही गेली. मंग दुसरी. मंग तिसरी.
गाडी गेली का खालचं पाणी वर येते, थोडं थोडं.
हे मले मालूम होतं.
बैलाचा गाडा हाकणाऱ्या पोरालेही मालूम रायते.
आठ गेल्या.
नववी मांगेरामची."

बराच वेळ तो चाकाकडे पाहत राहिला.

"ड्रायव्हरले काचेतून पुढचंच दिसते.
मांगचं मले कानात आलं :
हिल नहीं रही. हिल नहीं रही, भाई.
तेवढ्यात उजाडलं आन् धुकं उचललं."

मी विचारलं, आणि समोरचे?

"त्यायचीही एक फसली होती, उसाच्या कडंनं.
त्यायच्यातही कोनी माती पाह्यली असन.
ते आमी फोडली.
फसलेली सोपी रायते."

हे सांगताना आवाज चढला नाही, उतरला नाही,
बाजारात भाव सांगावा तसं.
वर बगळे चालले होते तळ्याकडे.
मला पाणी द्यावंसं वाटलं, पण बाटली
ट्रॅक्टरवरच राहिली होती.

मग तो उठला. पन्नास वर्षांनी असेल,
वाकून मूठभर माती घेतली,
दाबली, कमरेवरून सोडली.
गोळा पडला तसाच राहिला, त्यावर बोटांचे वळ.
"चार दिवस थांब," म्हणाला.

मला वाटलं, झालं.
पण तो दहा पावलं पुढे गेला,
पुन्हा वाकला, पुन्हा मूठ भरली.
आणखी दहा पावलं.
धुऱ्याच्या बाभळीपर्यंत, तिथून वळून नाल्याच्या अंगानं,
अंधारात आता फक्त त्याचं पांढरं धोतर
खाली होत होतं, वर येत होतं.

मी मोजत होतो.
नऊ झाले तरी तो थांबला नाही.