तसली डॉक्टर नाही

सप्टेंबरात आमच्याकडे एक डॉक्टर आली.
दोन वर्षांसाठी, कुठल्याशा फाउंडेशनच्या पैशावर,
बफेलोच्या पूर्व भागातल्या या भाडेकरू संघात,
जिथे हीटर आवाज जास्त करतो, ऊब कमी देतो.

पहिल्याच दिवशी क्लेटस प्रिडींनी
पँट वर सरकवून गुडघा तिच्यापुढे धरला.
जिना चढताना कटकट वाजतो, म्हणाले.
ती वाकली. खरंच कान लावून ऐकलं तिनं.
मग म्हणाली, मी तसली डॉक्टर नाही.
मग कसली?
सहाशे वर्षांपूर्वीच्या एका मठातल्या
नन्सच्या हिशेबवह्यांची.
प्रिडींनी पँट खाली केली.
बरं, म्हणाले, तसलंही कुणी असायला हवं.

मी इथे एकोणीस वर्षं फोन उचलते.
फेलोशिपवाले मला पाठ आहेत:
पहिल्या महिन्यात फायलींना रंगीत चिठ्ठ्या,
तिसऱ्यात खोकला,
आणि मग खिडकीबाहेर बघत बसणं.
मारिटला तर साधं एक पत्र लिहायला दीड दिवस लागला.
चार पानं. अकरा तळटीपा.
म्हटलं, बाई गं, न्यायाधीशापुढे सकाळपासून साठ खटले आहेत,
अर्ध्या पानात आण.
ती संडासात जाऊन आली, डोळे लाल करून,
आणि आणलं अर्ध्या पानात.
एक तळटीप मात्र राखली होती.
राहू दिली मी.

जेवताना कधी सांगायची त्या बायकांचं:
पाव किती, मेणबत्त्या किती, खारवलेले मासे किती,
आणि समासात, मुंगीएवढ्या अक्षरात,
कुणी आजारी होतं म्हणून
एक अंडं जास्त.
"त्या अंड्यापायी माझी सात वर्षं गेली."
नंतर एकशे बारा अर्ज. एक मुलाखत.
मग ते पदच रद्द झालं.
मी माझ्या सँडविचचा अर्धा तुकडा तिच्याकडे सरकवला.
दुसरं काय करणार?

जानेवारीत सरोवरावरून बर्फ आला तो खिडकीच्या चौकटीपर्यंत,
आणि त्याच आठवड्यात प्रिडींना घर सोडायची नोटीस.
सोबत घरमालकाची वही: चौदा महिन्यांची थकबाकी,
ओळीखाली ओळ, सगळं कसं चोख.
आमच्या वकिलानं बेरीज तपासली. बरोबर होती.
मारिटनं आकडे वाचलेच नाहीत आधी.
वही खिडकीशी नेली, तिरकी धरली.
"चौदा महिने असं कुणी लिहीत नाही," म्हणाली.
"मार्चमध्ये बोटं गारठतात, जुलैत कागद घामेजतो,
मध्येच पेन हरवतं, शाई बदलते.
हे एका बैठकीतलं आहे. मागाहून लिहिलेलं.
आणि हे बघा, इथे, ऑगस्टपाशी,
हात दमलाय."

कोर्टात न्यायाधीशांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
आम्ही जिंकलो, असं नाही.
सहा आठवडे मिळाले, आणि मूळ पावत्या आणा असा हुकूम.
हिवाळ्यातले सहा आठवडे म्हणजे काय,
ते प्रिडींना विचारा. मला नका विचारू,
माझं घर माझं आहे.

दुसऱ्या ऑगस्टला तिचे पैसे संपले.
जाण्याआधी फाउंडेशनचा फॉर्म आला:
तुमच्या शिक्षणाचा इथे काय उपयोग झाला?
पन्नास शब्दांत.
रात्री आठपर्यंत ती त्या रिकाम्या चौकोनापुढे बसली होती.
मी दिवे तसेच ठेवून निघाले.
काय लिहिलं, कळलं नाही.
पुढे कुठे लागली, तेही नक्की माहीत नाही;
कुणी म्हणतं टोलीडो.

नवा फेलो पुढच्या सोमवारी येतोय.
तत्त्वज्ञानाचा म्हणे.
प्रिडी आजच विचारून गेले, हा तरी तसला आहे का?
नाही, म्हटलं.
ते गेल्यावर फोनची वही उघडली.
हल्ली मी डावीकडे दोन बोटं जागा सोडते.
तारीख, नाव, पत्ता,
आणि समासात, बारीक:
गुडघा अजून वाजतो.