टेनरची वही

तेहतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटा तपासल्या,
भिंगाखाली: रेघ तुटली का, शाई फुटली का, आकडा सरकला का.
आता दर गुरुवारी नाशिकरोडहून सिटीलिंक धरून
शरणपूरला येतो, आणि ह्या नोटा मला तपासतात.

पानावर उभी रेघ नाही. सम कुठे, मी विचारलं.
रूथबाई उजगरेंनी तळहात खाली सोडला, वर उचलला.
एवढंच.
तांबट आळीतला हातोडा विचारतो का, सम कुठे?

चौघांच्या चार वह्या. सगळ्यांचं मिळून पान नाहीच.
माझ्यापाशी फक्त माझा आवाज,
बाकीचे काय गातायत ते कानांनीच ओळखायचं,
घरात ओळखतो तसं.

सुरुवातीला पूर्ण वर्तुळ असलं तर तिनाचा हिशेब,
तुटकं असलं तर दोनाचा.
पोकळ चौकोन. पोकळ शंकरपाळी.
चौकोन काळा भरला की त्याचा तिसरा हिस्सा गेला
(असा माल आम्ही जाळायचो).
चौकोनापुढे चौकोनच आला तर पहिला पूर्ण, तीनचा,
पण मागून एक धाकटी शंकरपाळी आली
की थोरल्याचे दोनच उरतात.
मी घरचा थोरला. हा नियम मला
शिकवायची गरज नव्हती.

सहा गुरुवार तिसऱ्या ओळीवर आम्ही कोसळलो.
ढिकले, आमचा बास, द्राक्षबागेतून थेट यायचा,
हातांना गंधकाचा वास; तो म्हणाला, काका, तुम्ही लांबवताय.
टिंब आहे, मी म्हणालो. टिंब म्हणजे दीडपट. छापलंय.

सातव्या गुरुवारी प्रेसचं भिंग घेऊन गेलो.
टिंब खरंच होतं. डाग नव्हता, झेरॉक्सची घाण नव्हती.
पण जरासं वर, दोन शंकरपाळ्यांच्या मधोमध,
कुणाच्याच कुशीत नाही.
रूथबाई वाकल्या. अहो रणनवरे, हे वाढवणारं नाही,
हे वाटणीचं टिंब. इथवर ह्यांचं, इथून त्यांचं.
ह्याला वेळच नसतो.

धाकट्याला आणि मला असलंच टिंब
कोर्टातून आणायला अकरा वर्षं लागली.
हे मी तिथे बोललो नाही.

मग गायलो. कोसळलो नाही.
अलका वाघचौरे शेवटचा सूर सोडायला विसरली.

ओळ संपते तिथे एक वाकडी खूण असते,
पुढच्या ओळीचा पहिला सूर कुठे बसलाय ते दाखवणारी.
रूथबाई तिला रखवालदार म्हणतात.
प्रेसच्या गेटवरचा आमचा रखवालदार
रोज जाताना खिसे उलटे करायला लावायचा.
हा जाणाऱ्याच्या खिशात काहीतरी टाकतो.

नऊ वीसची बस गेली.
मी त्र्यंबक नाक्यापर्यंत चालत आलो,
हात खाली, हात वर.