उतरायचं नाही

शिमगा झाला की हिडकलचं पाणी मागं सरतं
आणि टेकडीचं टाळकं वर येतं:
खडी, तडकलेला गाळ, गेल्या सालची एक चप्पल,
आणि त्यावर दोनशे सुरय.

फलक कन्नडात आहे, त्याखाली इंग्रजीत.
पोरं बेळगुंदीच्या मराठी शाळेची,
अक्षराला अक्षर जोडत निम्मं वाचतात,
उरलेलं मला विचारतात.
मी चौथी पास. गळ्यात ओळखपत्र,
फोटोतला शर्ट भावजीचा,
नावाखाली ‘निसर्ग मार्गदर्शक’.
लुमाण्णा भोई म्हटलं तर गल्लीत कोण ओळखतं?
जाळ्याचा लुमाण्णा म्हणा.

सांगतो:
सुरय घरटं बांधत नाही.
छातीनं जमीन जरा दाबते, झालं.
अंडं खडीच्याच रंगाचं.
तुमच्या पायाला ते दिसायचं नाही,
पायाला डोळे असतात व्हय?
म्हणून उतरायचं नाही.

“मग चाळीस रुपये कशाचे?”
हा सम्मेद चौगुले. बाप अडत्या, पोर हिशेबाचं.
बिर्जे बाईंनी डोळे वटारले.
असू दे बाई, रास्त विचारलं त्यानं.
न उतरण्याचे, बाळा.
उतरायला मला फुकटच मिळायचं.
तुझ्याएवढा होतो, टोपीत भरून अंडी न्यायचो,
आई कांदा घालून परतायची.
“चव कशी?”
खोटं बोलायचं काही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.
चांगली, म्हटलं.
मग होडीत कुणी काही बोलेना,
वल्ह्यावरचे थेंब पडत होते तेवढेच.

दुर्बीण एक, पोरं चौदा.
प्रत्येकाला दहा आकडे.
एक, दोन, तीन, सगळी मिळून मोजतात,
दहाला हिसकून घेतात.
कुणाला चोच दिसली, हळदीत बुडवल्यासारखी,
कुणाला नुसतं आपल्याच पापण्यांचं काळं.
मदिहा मुल्लाची पाळी आली
तर पक्षी सोडून तिनं दुर्बीण काठाकडं फिरवली.
पाच. सहा.
“मामा, कुत्रं.”

पाणी उतरलं की बेटाला मान फुटते,
गुडघाभर चिखलाची, काठाला जोडलेली.
रात्री मी तिथं निजतो, काठी आणि बॅटरी घेऊन.
दिवसा मी इथं असतो,
तुम्हाला शिकवत.

हाड! हाड! चौदा गळे,
सम्मेदचा सगळ्यांत मोठा.
कुत्रं थबकलं, फिरलं, चिखल झाडत निघून गेलं.
पण सुरय उठल्या. एकजात सगळ्या.
डोक्यावर किंचाळतं पांढरं छत,
खाली बाराच्या उन्हात खडीचा तवा
आणि तव्यावर अंडी, उघडी.
“आता बसतात काय मामा?”
आपण असेपर्यंत नाही.

तिकीट पाऊण तासाचं, झाली होती वीस मिनिटं.
बाईंनी घड्याळ बघितलं नाही.
सम्मेदनंच दुसरं वल्हं उचललं.
पाण्याला कळू न देता वल्हं कसं घालायचं
हे मी आजवर कुणाला दाखवलं नव्हतं,
चोरून मासे मारतानाच लागतं ते.
त्याला दाखवलं.

धक्क्याला लागून मागं बघितलं,
पांढरं एकेक करून खाली येत होतं.
पोरांना कागद भरायचा होता: आज काय काय पाहिलंत?
सावलीला बसून पेन्सिली चावत होती.
मदिहा तेवढी मागं राहिली, होडीची कड धरून.
“मामा, माझी मोजणी सहावरच थांबली.”
बरं, मग?
“चार आकडे राहिलेत की माझे.”

लिहून ठेवतो, म्हटलं.
ओळखपत्राच्या मागं कोरी जागा होती.