चोवीस बाय छत्तीस

त्यांच्या देशाचं नाव मी लिहीत नाही.
दुकान माझं, पण परवाना कफीलच्या नावावर आहे,
आणि शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत,
भिंतींचं सोडा, काचांनाही कान असतात.

तर वज्दीमास्तर जानेवारीत आले.
काखेत चादरीत गुंडाळलेली तसबीर,
त्यांच्या शाळेच्या हॉलमधली.
काच तडकली होती, कपाळापासून टायपर्यंत तिरकी.
"फुटबॉल," मास्तर म्हणाले आणि मागे वळून बघितलं,
जणू चेंडूवरही खटला भरतील.
सोनेरी पट्टी तीच ठेवा. काच नवी. गुरुवारपर्यंत.
चाळीस दिरहम, वीस आगाऊ.

फोटोतल्या माणसाचे केस काळेभोर.
अठ्ठावीस वर्षं झाली म्हणे खुर्चीवर.
केसांना कुणी कळवलंच नव्हतं.

गुरुवारी मास्तर आले नाहीत.

शेजारी कुंजाप्पूच्या कॅफेटेरियात टीव्ही,
एरवी त्यावर क्रिकेट.
आता एक चौक, आणि माणसं इतकी
की चौकाची फरशी कुठल्या रंगाची ते शेवटपर्यंत कळलं नाही.
अरबी मला फ्रेमपुरती येते:
लांबी, रुंदी, उद्या, पैसे.
त्या आठवड्यात आणखी एक शब्द आला,
गर्दी एका दमात म्हणायची तो.
"जा," कुंजाप्पूनं सांगितलं, चहा वरून ओतत. "निघून जा, असं."
एवढंच?
एवढंच.

चौथ्या दिवशी तिकडचे फोन गेले.
मास्तर दुकानावरून जाताना दिसले,
मोबाइल कानाला, ओठ मिटलेले.
मी तसबिरीकडे बोट केलं, त्यांनी नुसता हात हलवला:
नंतर, किंवा नको, किंवा लागत नाही.

काम तर घेतलं होतं. उघडली.
गंजके खिळे, मागचा पुठ्ठा,
आणि पुठ्ठ्याच्या जागी
आणखी एक चेहरा निघाला. गणवेशातला, मिशीवाला, आधीचा.
त्याच्या पाठीला वाळवीनं खाल्लेला वर्तमानपत्राचा कागद.
कुणीतरी माझ्यासारखाच, काटकसरी.

नवव्या रात्री तो टीव्हीवर बोलला.
त्यांच्यातले टॅक्सीवाले, पंपाचा मिस्त्री, भटारखान्यातला एक पोरगा
उभेच राहिले, खुर्च्या रिकाम्या असून.
चहावर साय धरली.
भाषण संपलं तसा मिस्त्रीनं पायातला बूट काढला,
वर उचलला,
मग दाराबाहेर बघितलं,
आणि गुपचूप पुन्हा पायात घातला. नाडीसुद्धा बांधली.

सतराव्या रात्री तो गेला.
गल्लीत एकच हॉर्न वाजला, आखूड,
चुकून लागल्यासारखा.
एवढाच आमच्याकडचा जल्लोष.

शनिवारी मास्तर आले. दाढी केलेली, डोळे सुजलेले.
उरलेले वीस काउंटरवर ठेवले.
"फ्रेम द्या. फोटो नको."
आत काय घालू?
बराच वेळ माऊंटचे नमुने चाळत राहिले.
"तिसरीतली मुलं विचारतात, भिंतीवर तो चौकोन कसला.
भोवतीचा रंग उडालाय, तेवढाच तुकडा नवा.
तूर्त नुसती काच घाला."

घातली. दोन्ही हात पसरून घेऊन गेले.
काचेतून त्यांचा स्वेटर दिसला, वरून दुसरं बटण तुटलेला,
वळणावर कुंजाप्पूचा सिलिंडर,
मग रस्ता, उन्हात, काही न लिहिलेला.

फोटो माझ्याकडेच राहिला.
असला चेहरा इथं कचऱ्यात टाकता येत नाही, कुणाचाही असो.
पुठ्ठा म्हणून जाड आहे, कुणाच्या तरी पाठीला लागेल.

संध्याकाळी शटर ओढण्याआधी
स्टुलावर चढलो, फडकं घेतलं,
दुकानात लावाव्याच लागतात त्या तसबिरी पुसल्या
रोजच्यासारख्या, मोठी आधी.
पुसताना खिळा किंचित हलला.
मी थांबलो.
मग हातोडीचे दोन ठोके घातले
आणि खाली उतरलो.